आग्रहाचे वजन

दिमोनातल्या एका घरी मलिदा होता. नातू लष्करातली सेवा पुरी करून सुखरूप घरी आला, त्याचा नवस. हाझान आले, एलियाहू हन्नाबीचे नाव झाले, पोहे-खोबऱ्याचे मोठे ताट फिरू लागले. कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी आपल्या ताटलीवर हात आडवा धरला. "मूठभरच दे," त्या म्हणाल्या. वाढणारी म्हणाली, "अगं मावशी, हन्नाबीचं आहे, नाही म्हणू नये." शेजारची म्हणाली, "एका दिवसानं काय होतंय!" तिसरी हसत म्हणाली, "या वयात बारीक होऊन कुणाला दाखवायचंय?" आजींनी हात काढून घेतला. ताटली भरली. वर दोन मेजूल खजूर आणि केळेही आले. रात्री मशीनवर साखरेचा आकडा पाहून नात घाबरली.

कोणालाच माहीत नव्हते की आठच दिवसांपूर्वी कुपत होलीमच्या डॉक्टरांनी या आजींना सांगितले होते, सहा किलो उतरवा, नाहीतर इन्सुलिन सुरू करावे लागेल. आजींनी ते कोणाला सांगितले नव्हते. सांगायची लाज वाटली. खाण्याबद्दल डॉक्टर रागावले हे म्हातारपणी सांगायचे तरी कसे?

वजन उतरवण्याच्या गोष्टी निघाल्या की सगळे पथ्याविषयी बोलतात. काय खावे, काय खाऊ नये, कोणत्या बिया पाण्यात भिजवाव्यात. पण त्या आजींना पथ्य ठाऊक होते. दिएटानित बाईंनी छापील कागद दिला होता, तो फ्रीजवर लावलेला होता. त्यांना त्या दिवशी हवे होते ते एवढेच, की ताटात वाढणाऱ्या चार बायकांपैकी एकीने म्हणावे, "असू दे, मूठभरच घेऊ दे तिला." बेने इस्राएल समाजात आज कमतरता आहे ती या एका वाक्याची. माहिती मुबलक आहे.

आग्रह हा शब्द हिब्रूत नेमका सापडत नाही. वर्गातल्या मुलांनी शोधून पाहावा. आग्रह म्हणजे जबरदस्ती नव्हे आणि नुसते आमंत्रणही नव्हे. पाहुण्याने तीनदा नको म्हणायचे, यजमानाने चौथ्यांदा वाढायचे, आणि मग पाहुण्याने ताटातले सगळे संपवायचे, असा तो ठरलेला खेळ आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागातल्या गावांत तो शोभत होता. तेथे सण सोडले तर रोजचे जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, आमटी, एखादी पालेभाजी, कधी मासळी. पाहुण्याच्या निमित्ताने घरातल्यांनाही गोड मिळे. शिवाय "खाऊन माजावे पण टाकून माजू नये" ही म्हण लहानपणापासून कानावर. मुंबईत रेशनचे दिवस पाहिलेल्या आणि इस्राएलमध्ये आल्यावर पहिली वर्षे काटकसरीत काढलेल्या पिढीला ताटात अन्न टाकणे हे पापच वाटते. ते समजण्यासारखे आहे. फक्त आता ताट मोठे झाले आहे, पाहुणे दर आठवड्याला आहेत, आणि चालणे संपले आहे.

कोकणातल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. आठवडाभर घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद. बैलामागे उभे राहणे, पोती उचलणे, गावोगाव तेल विकत फिरणे, अशा कष्टाला वरचे दोन घास लागत. आज त्यांच्या पणतवंडांची घरे तिसऱ्या मजल्यावर आहेत, लिफ्ट आहे, सुपरमधले सामान घरपोच येते. शनिवारची विश्रांती आठवड्याचे सातही दिवस झाली, आणि तेल मात्र आता गाळण्याऐवजी नुसते ओतले जाते.

ही काही बेने इस्राएल लोकांचीच गोष्ट नाही. भारतीय शरीराची एक खोड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे फोटो छापले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा जो आकडा काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे आरशात दिसणारा बारीकपणा आतून बारीक असेलच असे नाही. ही चरबी हातापायांवर न साठता पोटात साठते आणि मधुमेहाला वाट करून देते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानावा, असे भारतातल्या तज्ज्ञांनी ठरवले आहे. युरोपीय लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. एक मीटर ५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ५५ किलोच्या आसपास असेल तर ठीक, ६० च्या वर गेले तर विचार करायला हवा. त्याहून सोपे म्हणजे शिंप्याची टेप कमरेला लावावी. बाईच्या कमरेचे माप ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाचे ९० च्या आत हवे. इथल्या दवाखान्यात युरोपीय तक्त्याकडे बघून "सगळे ठीक आहे" असे कोणी म्हणाले, तर आई-बाप भारतातून आले आहेत हे आवर्जून सांगावे.

मराठीत मात्र आजही पोट सुटलेल्या माणसाला "खात्यापित्या घरचा" म्हणून मान मिळतो, आणि त्याच तोंडाने चौदा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर "किती जाडी झालीस गं!" म्हटले जाते. दोन्ही वाक्ये बंद व्हायला हवीत. पहिल्याने मोठ्यांचा मधुमेह झाकला जातो. दुसऱ्याने मुलगी वेगळ्याच वाटेला लागते. ती घरी जेवत नाही, उपाशी राहते, मग रात्री गुपचूप बाम्बाचे पाकीट संपवते. वाढत्या वयाच्या मुलांना मोठ्यांचे पथ्य लावूच नये. त्यांच्यासाठी घरातले जेवण साधे ठेवावे, गोड पेये आणू नयेत, आणि त्यांच्या अंगाविषयी तोंड बंद ठेवावे. मुलगी खरोखरच खाणे टाळू लागली असेल तर तिला रागावण्यात अर्थ नाही, डॉक्टरांकडे न्यावे.

आता आधाराची गोष्ट, कारण मुख्य मुद्दा तोच आहे.

न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची एक यहुदी गृहिणी राहत होती. वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो. १९६१ साली सुपरमार्केटमध्ये तिला कोणीतरी विचारले, "बाळ कधी होणार?" ती गरोदर नव्हती. ती शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात गेली, तेथे तिला पथ्याचा कागद मिळाला. पथ्य चांगले होते, वजन उतरूही लागले. पण न्हाणीघरातल्या कपड्यांच्या टोपलीत लपवलेली चॉकलेटची बिस्किटे ती खातच होती, आणि हे दवाखान्यातल्या बाईंना सांगण्याची तिची छाती होत नव्हती. शेवटी तिने आपल्यासारख्याच सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि बिस्किटांचे सांगून टाकले. त्यांनीही आपापल्या लपवाछपव्या सांगितल्या. दर आठवड्याला त्या जमू लागल्या. पुढच्या वर्षी तिचे वजन १४२ पौंडांवर आले. १९६३ साली त्याच बैठकीतून वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. पथ्य दवाखान्याचेच होते. नवीन होती ती फक्त बैठक.

शास्त्रानेही पुढे तेच दाखवले. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी दिली, एका गटाला नुसती रंगीत गोळी, आणि तिसऱ्या गटाला एक शिकवणारा माणूस दिला. त्याने सहा महिन्यांत सोळा धडे घेतले, वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा असे ध्येय ठेवले. या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. वीस-तीस किलो उतरवण्याची गरजच नव्हती. गरज होती ती दर थोड्या दिवसांनी कोणीतरी "कसे चालले आहे?" असे विचारण्याची.

इस्राएलमध्ये १९९५ पासून आरोग्यविम्याचा कायदा आहे आणि प्रत्येक रहिवासी चारांपैकी एका कुपत होलीमचा सभासद असतो. दिएटानितकडे जाता येते. मग बेने इस्राएल बायका का जात नाहीत, किंवा एकदा जाऊन परत का जात नाहीत? कारण सोपे आहे. कागद हिब्रूत असतो. त्यावर कॉटेज चीज, पाव, ट्यूना, काकडी असते. भाकरी नसते, बिरडे नसते, नारळाचे कालवण नसते. बाईंनी विचारलेच की "रात्री काय खाता?" तर सांगणारी "ओरेझ" म्हणते, म्हणजे भात, आणि गप्प बसते. त्या भातावर काय होते हे तिला हिब्रूत सांगता येत नाही, आणि बाईंना ते माहीत असण्याचे कारण नाही. दोष दोघींचाही नाही. पण परिणाम असा होतो की आजी दोन आठवडे कॉटेज चीज आणि पाव खातात, तिसऱ्या आठवड्यात त्यांना वीट येतो, आणि चौथ्या आठवड्यात वाटीभर भात जास्तच जातो.

याला उपाय म्हणून समाजातल्या शिकलेल्या तरुणांनी आपल्या आजी-मावशीबरोबर दिएटानितकडे जावे. नुसते गाडीने पोचवून बाहेर फोन बघत बसू नये, आत जाऊन बसावे. घरी रोज काय शिजते ते आधी लिहून न्यावे. मराठी शिकणाऱ्या मुलांना याहून चांगला अभ्यास कोणता?

आता त्या ताटाकडे वळावे. काही जण म्हणतात, जुने जेवणच वाईट, ते सोडा. हे खरे नाही. जुने जेवण बरेच चांगले होते, बिघडले ते इथे आल्यावर, आणि बिघडले कसे ते पाहण्यासारखे आहे.

खोबऱ्याचे घ्या. बेने इस्राएल स्वयंपाकात मटणाबरोबर दही-दूध चालत नाही, म्हणून कालवणाला दाटपणा येतो तो नारळाच्या दुधाने. कोकणात ओला नारळ खवून, कोमट पाणी घालून दूध काढीत. पहिले जाड दूध थोडे, दुसरे आणि तिसरे पातळ दूध जास्त. कालवण शिजे ते पातळ दुधात, जाड दूध शेवटी वरून थोडेसे. इथे डबा फोडतात आणि ४०० मिलिलिटरचा सगळा डबा पातेल्यात ओततात. तो सगळा जाड दुधाचाच असतो, त्यात सात-आठशे कॅलरी असतात. अर्धा डबा घ्यावा आणि त्यात तेवढेच पाणी घालावे. चव आजीच्या कालवणाच्या जास्त जवळ जाते, हे करून पाहिलेल्यांचे म्हणणे आहे. खवलेल्या नारळाचेही तसेच. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी, पण सुपरमध्ये पाकिटात मिळणाऱ्या सुक्या किसात सुमारे ६६०. हात जुन्याच सवयीने मूठ भरतो, आणि मुठीत जवळजवळ दुप्पट येते.

तेलाचे त्याहून सोपे. चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, पिठाच्या आणि साखरेच्या एका ग्रॅमला चार. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, जवळजवळ एका भाकरीएवढे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, आणि पुष्कळ घरांत लागते, तर दर माणशी दर दिवशी सुमारे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. चार लिटरचे दोन लिटर करावे. त्यासाठी पथ्याचा कागद लागत नाही. बाटलीने ओतायचे बंद करून चमच्याने घालायचे, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवायची. तारीख खोटे बोलू देत नाही.

बिरडे तर देवाचे देणे आहे. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेले. तिशा बेआवला जुनी माणसे बिरड्याचा सणच म्हणत. त्यात प्रथिने आहेत, चोथा आहे, पोट लवकर भरते आणि भरलेले राहते. त्यावर खोबरे अर्धे करावे, तेल एक चमचा, आमसूल आणि कोथिंबीर हवी तितकी. भात एक वाटी घेतला तर बिरडे दोन वाट्या घ्यावे. नेहमी उलटे होते. मासा तळण्याऐवजी हिरवा मसाला लावून ओव्हनमध्ये भाजावा, किंवा आंबट कालवण करावे. तळलेलेच हवे असेल तर शाब्बाथला एक तुकडा, आणि तोही चवीने. सोलकढी नारळाच्या पातळ दुधाची करावी किंवा नुसते आमसुलाचे सार करावे. काकडी-टोमॅटो तर इथे बारा महिने चांगले मिळतात. इस्राएली सॅलड म्हणजे बारीक चिरलेली कोशिंबीरच, मिरची घातली की पुरे. जेवणाच्या सुरुवातीला ती वाडगाभर खावी, शेवटी नव्हे.

खरा घोटाळा होतो तो दोन देशांची जेवणे एकाच दिवशी जेवण्याने. सकाळी बुरेकास, दुपारी पिटात फलाफेल, संध्याकाळी चहाबरोबर चकली, रात्री भात-कालवण. शंभर ग्रॅमच्या एका पिटात सुमारे २६० कॅलरी असतात, एका बेताच्या भाकरीत १४०. बुरेकासच्या तर प्रत्येक पापुद्र्यात चरबी. यातले काहीच वाईट नाही, पण सगळे मिळून एका पोटाचे नाही. कोणते जेवण कोणत्या देशाचे ते दिवसाला एकदा ठरवावे.

चहाविषयी थोडेच. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे १६० कॅलरी, आणि मधुमेह असेल तर चार वेळा साखरेचा चढ. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले तर महिन्याभरात जीभ तक्रार करायची थांबते. एकदम बंद करणारे बहुधा परत सुरू करतात. सुपरमधल्या डब्यांवर २०२० पासून लाल गोल खुणा असतात, साखर जास्त, मीठ जास्त किंवा घातक चरबी जास्त असे सांगणाऱ्या. त्या हिब्रू न वाचणाऱ्यालाही कळतात. दोन लाल खुणा असलेला डबा घरी आणण्याआधी हात थांबावा. मात्र घरच्या चकलीवर लाल खूण कोणी लावत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मग मलिद्याचे काय? तो बदलावा का? साखरेऐवजी गोळ्या घालाव्यात, खोबरे वगळावे, असे सुचवणारे तरुण आहेत. तसे करू नये. मलिदा हा मलिदाच राहावा. पण मोजून पाहावे की आज वाटला जातो तो किती. पन्नास ग्रॅम पोहे, तीस ग्रॅम खोबरे, पंचवीस ग्रॅम साखर, थोडे बदाम-पिस्ते, अर्धे केळे आणि दोन मेजूल खजूर, एवढे एका ताटलीत सहज मावते आणि हिशेब सहाशे कॅलरींच्या पुढे जातो. एका मेजूल खजुराचेच ६५ च्या आसपास होतात. जुन्या माणसांच्या आठवणीत मलिदा ओंजळीत मिळे, पुढे बश्या आल्या, आता घरी न्यायला प्लास्टिकचे डबे भरून देतात. ओंजळीतल्या मलिद्याने नवस अर्धा राहत नव्हता. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवाही तसाच, वर्षातून एकदा यावा आणि वडीचा आकार काडेपेटीएवढा असावा. गोठवणीच्या कप्प्यात तो हनुक्कापर्यंत टिकतो म्हणून भरपूर करून ठेवायचा, आणि हनुक्काला वर सोफ्गानिया खायची, यात परंपरा कोठेच नाही.

हॉलमध्ये कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनी एक नियम करून पाहावा. वाढायचे नाही, ठेवायचे. ज्याला जेवढे हवे तेवढे त्याने घ्यावे, आणि कोणाच्या ताटाविषयी कोणी बोलू नये. म्हातारे नाराज होतील, पहिल्या दोन कार्यक्रमांत "काही आदरातिथ्य उरले नाही" असे म्हणतील. म्हणू द्यावे. आदर दाखवायच्या दुसऱ्या रीती आहेत. जेवणाऱ्याशेजारी बसून त्याची विचारपूस करता येते, हॉलमध्ये ती हल्ली कमीच होते कारण सगळे वाढण्यात गुंतलेले असतात.

आठवड्याच्या सुईविषयी तरुण मंडळी फार बोलतात. भूक कमी करणारी ही इंजेक्शने खरोखर परिणाम करतात, आणि ज्यांना डॉक्टरांनी दिली त्यांनी लाजू नये. पण ती सोडल्यावर वजन बहुधा परत चढू लागते, आणि ती घेतल्यानेही स्वयंपाकघर बदलत नाही. मैत्रिणीची सुई मागून घेणे तर वेडेपणा आहे. याउलट वयस्कर मंडळी उपासाचे बोलतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण टाळू नये, साखर एकदम उतरून माणूस पडतो. सत्तरीत पडणे म्हणजे मांडीचे हाड. आणि या वयात वजन झपाट्याने उतरले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, मग जिना चढता येत नाही. हळू उतरवावे, डाळी-मासे-अंडी सोडू नयेत, आणि चालावे. काही न करता वजन उतरू लागले तर आनंद मानण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे.

आता त्या आजींचे पुढे काय झाले ते. नातीने दुसऱ्या दिवशी मलिद्याच्या वेळी हजर असलेल्या तिघींना फोन केला आणि डॉक्टरांचे म्हणणे सांगून टाकले. आजी आधी रागावल्या. पण त्या तिघी संध्याकाळी घरी आल्या, आणि त्यांतल्या दोघींनाही तसाच कागद मिळालेला निघाला. "या वयात कुणाला दाखवायचंय" म्हणणारीच्या पर्समध्ये तो चार महिने घडी घालून पडला होता. तेव्हापासून इमारतीतल्या पाच जणी आणि एक आजोबा दर गुरुवारी जमतात. गुरुवार का? रविवारी काटा नेहमी चढलेला दिसतो. शाब्बाथच्या जेवणातले मीठ अंगात पाणी धरून ठेवते, ते खरे वजन नसते, आणि माणूस उगीच हिरमुसतो. गुरुवारी काटा प्रामाणिक असतो आणि शुक्रवारच्या स्वयंपाकाचे बेतही ठरवता येतात. आकडा जोराने वाचायचा नाही, ज्याने त्याने आपल्या वहीत लिहायचा. मग आठवड्यात काय लपवून खाल्ले ते मराठीत सांगायचे. हसू खूप येते. नंतर सगळे मिळून वीस मिनिटे इमारतींभोवती चालतात. आजोबा पत्ते खेळायला मिळतील म्हणून आले होते, ते आता चालताना सर्वांत पुढे असतात. इतर पुरुषांना अजून वेळ मिळालेला नाही.

आजींचे सहा किलो उतरलेले नाहीत. पाच महिन्यांत साडेतीन उतरले, एक परत चढला, आता पुन्हा उतरतो आहे. इन्सुलिन तूर्त लांबले आहे.

नातीने या वर्गासाठी त्या गटाचे स्वयंपाक लिहून घ्यायला घेतले आहेत. आजी सांगतात, "अंदाजाने तेल, मूठभर खोबरे, चवीपुरती साखर." नात प्रत्येक वेळी आजीचा हात थांबवून खाली काटा ठेवते. आजीची मूठ पाकिटातल्या खोबऱ्याची ३८ ग्रॅम भरली, आईची २९, नातीची २२. आणि "अंदाजाने तेल" म्हणजे साडेतीन मोठे चमचे निघाले, ते पाहून आजी म्हणाल्या, "तुझा काटाच बिघडलाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीचा काटा मागून आणला.